शून्यही लिहून ठेवा

'या अंकासाठी पालकांपैकी कुणीतरी प्रवासवर्णन द्या' असा वर्गाचा निरोप आला, तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि शेवटी ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी पडले सॉफ्टवेअरवाली. दिवसभर प्रोग्रॅम लिहायचे नाहीतर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. मराठीत सलग दोन पानं लिहून वीस वर्षं झाली असतील. तेव्हा शुद्धलेखनाकडे काणाडोळा करावा, ही आधीच विनंती. पण आमच्या एका छोट्या सहलीत मुलांना उपयोगी पडेल असं काहीतरी हाती लागलं, म्हणून धीर करून लिहिते आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, आम्ही पाच जण न्यू जर्सीहून निघून पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर आणि परत न्यू जर्सी अशी तीन दिवसांची गोल चक्कर मारून आलो. आम्ही दोघं, नववीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि माझी आई. इकडे 'फॉल' म्हटला की लोक ऑक्टोबरची वाट बघतात, कारण पानं तेव्हा रंगतात. पण पक्षी पानांसाठी थांबत नाहीत. त्यांची निघायची घाई सप्टेंबरातच सुरू होते. मुलीला शाळेत स्थलांतरावर प्रकल्प होता, म्हणून शुक्रवारची एक सुट्टी टाकली आणि निघालो.

आई मे महिन्यात आली होती आणि ऑक्टोबरच्या मध्यावर परत जाणार होती. वय ७६. यापुढे एवढा लांबचा प्रवास झेपेल का, हे ती बोलत नव्हती आणि आम्ही विचारत नव्हतो. तिचं गाव इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या अलीकडे, उजनीच्या पाण्याच्या काठावर. धरण १९८० साली पुरं झालं, त्यात जुनं गाव गेलं आणि नवं गाव वर माळावर बसलं. गाव गेलं तसे पाण्याबरोबर पक्षी आले. त्यामुळे पक्षी तिला नवे नव्हते. नवी होती ती आमची मुलगी. मुलीचं मराठी 'जेवायला काय आहे' आणि 'मला नको' एवढ्यावर आलेलं, आणि आजीला एका कानानं कमी ऐकू येतं. दोघी एकमेकींवर माया करत, पण बोलणं दोन वाक्यांत संपे.

सहलीचं ऐकल्यावर आई म्हणाली, "पितृपंधरवड्यात कसली गं सहल?" मुलगी म्हणाली, "आजी, आपण पक्षीच बघायला जातो आहे. कावळे पण असतील." यावर आईला हसू आलं आणि ती दशम्या करायला उठली.

पहिला मुक्काम हॉक माउंटन. पेनसिल्व्हेनियातल्या किटाटिनी डोंगररांगेवर, केम्प्टन गावाजवळ हे अभयारण्य आहे. रांग लांबच लांब, ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे गेलेली. वारा तिच्यावर आपटतो आणि वर उसळतो. त्या उसळत्या वाऱ्यावर पंख पसरून ससाणे, घारी, गरुड अशी शिकारी पाखरं दक्षिणेला जातात. पंख हलवायचे कष्ट फार पडत नाहीत. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवेचे स्तंभ वर चढतात. पक्षी त्यात गोल गोल फिरत उंच जातात, मग तिथून खाली घसरत पुढचा स्तंभ गाठतात. पुन्हा वर, पुन्हा पुढे. पेट्रोलचा खर्च नाही, असं माझ्या नवऱ्यानं टोलच्या पावत्या बघत सांगितलं.

डोंगरावर बघायच्या जागा दोन मुख्य. उत्तरेकडची नॉर्थ लुकआउट, मैलभर दगडांतून चढून जावं लागतं. दक्षिणेकडची साउथ लुकआउट मात्र अगदी रस्त्यालगत, चाकाची खुर्चीही जाते. आई, मी आणि मुलगा तिथे बसलो. बापलेक वर गेले.

दहाच्या सुमाराला ऊन लागलं आणि समोरच्या दरीतून काळे ठिपके वर चढू लागले. ब्रॉड-विंग्ड हॉक. आकारानं कावळ्याएवढा, शेपटीवर काळेपांढरे पट्टे. हा पक्षी एकटा फारसा जात नाही, शेकड्यांनी जातो, तोही साधारण सप्टेंबरच्या मध्याला, आणि जातो थेट मध्य आणि दक्षिण अमेरिकेत. अशा गोल फिरणाऱ्या थव्याला इंग्रजीत 'केटल' म्हणतात. मुलानं विचारलं, "चहाची किटली?" आई म्हणाली, "किटली कसली, घिरटी म्हण. घारी घिरट्या घालतात तसं." त्या घिरटीत आम्ही मोजले ते साठ. मुलगा बासष्टवर अडून बसला.

मग डाव्या बाजूनं मोठे, काळे, पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून डुलत येणारे पक्षी आले. पाच, सात, अकरा. आईनं दुर्बीण घेतली, डोळ्याला लावली आणि खाली ठेवलीच नाही.

"अगं, ही गिधाडं आहेत," ती म्हणाली. "जित्ती गिधाडं."

ती होती टर्की व्हल्चर, लाल डोक्याची. शास्त्राप्रमाणे आपल्याकडच्या गिधाडांशी यांचं जवळचं नातं नाही. काम तेच, पण कुळ वेगळं. ही मेलेलं जनावर वासावरून हुडकतात. आपली नजरेनं. पण आईला त्या क्षणी कुळाशी देणंघेणं नव्हतं. तिच्या लहानपणी गावात बैल मेला की गावाबाहेर माळावर टाकायचे. दुपारपर्यंत आभाळातून गिधाडं उतरायची आणि संध्याकाळी हाडं उरायची. "पन्नास-पन्नास असायची," ती म्हणाली. मी विचारलं, मग कधी गेली? आई बराच वेळ गप्प राहिली. "तेच कळलं नाही. एक दिवस ध्यानात आलं, की लई दिवसांत दिसली नाहीत."

हे वाक्य माझ्या डोक्यातून तीन दिवस गेलं नाही.

तासाभरानं मुलगी वरून उतरली, ती धापा टाकत आणि बोलत. वर एका खांबावर खोटं घुबड बसवलेलं असतं. घुबड बघून ससाणे चिडतात आणि जवळून झडप घालून जातात, त्यामुळे माणसांना ते नीट दिसतात. तिथे मोजणी करणारी माणसं बसतात. शरदाच्या मोसमात रोज. दर तासाला कुठला पक्षी किती गेले ते लिहायचं, शिवाय वारा कुठून, आभाळ कसं, किती लांबचं दिसतंय, बघणारे किती. "आणि आई, काहीच नाही गेलं तर ते झीरो लिहितात. रिकामं नाही सोडत."

मंडळी, इथे माझ्यातली सॉफ्टवेअरवाली जागी झाली. आमच्या धंद्यात नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवावं लागतं. शून्य वेगळं आणि कोरी जागा वेगळी. शून्य म्हणजे 'बघितलं, पण नव्हतं'. कोरी जागा म्हणजे 'बघितलंच नाही'. दोन्ही सारखं धरलं की सगळा हिशोब कोसळतो.

या डोंगराचा इतिहास मुलांना माहीत असायला हवा, म्हणून थोडक्यात सांगते. शंभर वर्षांपूर्वी लोक इथे पक्षी बघायला येत नसत, मारायला येत. ससाणा म्हणजे कोंबड्या पळवणारा चोर, असाच समज. १९२९ पासून पेनसिल्व्हेनियात गॉसहॉक मारून दाखवला की सरकारकडून पाच डॉलर मिळत. मंदीचा काळ, पाच डॉलर म्हणजे चंगळ. पण बंदूकवाले थोडेच गॉसहॉक ओळखून मारणार? दिसेल ते पाडत. १९३२ साली रिचर्ड पाउ नावाचा तरुण तिथे गेला. त्यानं मेलेले पक्षी गोळा करून जमिनीवर ओळीनं मांडले आणि फोटो काढले. ते फोटो न्यूयॉर्कच्या रोझाली एज या बाईंनी पाहिले. या बाई आधी स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या, त्यामुळे नुसतं हळहळून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. १९३४ साली त्यांनी डोंगरावरची सुमारे १४०० एकर जमीन भाडेपट्ट्यानं घेतली आणि मॉरिस ब्राउन या पक्षिशास्त्रज्ञाला राखणदार नेमलं. मॉरिस आणि त्याची बायको अर्मा यांनी बंदूकवाल्यांना वाटेवरच अडवलं. त्याच शरदापासून मॉरिसनं रोज पक्षी मोजायला घेतले. दुसऱ्या महायुद्धातली काही वर्षं सोडली, तर ती मोजणी आजतागायत चालू आहे.

आता कुणी म्हणेल, मोजून काय होतं? पहिल्या वर्षी काहीच होत नाही. पहिल्या वर्षीचा आकडा मुका असतो. पंचवीस वर्षांनी तो बोलायला लागतो. बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचा गरुड, याचं डोकं चार-पाच वर्षांचा होईतो पांढरं होत नाही. पिल्लू तपकिरी असतं. त्यामुळे लांबूनही म्हातारे किती आणि तरणे किती ते मोजता येतं. मॉरिसच्या वह्यांत दिसलं, की म्हातारे गरुड जाताहेत, पण तरणे कमी कमी होत चालले आहेत. म्हणजे घरट्यात पिल्लं होत नाहीत. रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात हे आकडे वापरले. डी.डी.टी.मुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटतात, हे पुढे सिद्ध झालं. १९७२ साली अमेरिकेत शेतीतलं डी.डी.टी. बंद झालं. २००७ साली हा गरुड धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला आणि २०२४ च्या डिसेंबरात कायद्यानं देशाचा राष्ट्रीय पक्षी झाला. त्या दिवशी आम्हाला दोन दिसले, एक पांढऱ्या डोक्याचा, एक तपकिरी. तपकिरी बघून मला जास्त बरं वाटलं.

आणि आपली गिधाडं? तिथेही मोजणीच कामाला आली. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश हे शास्त्रज्ञ गिधाडं मोजत होते. १९९० च्या दशकात त्यांच्या आकड्यांत एकदम खड्डा पडलेला दिसला, तेव्हा जग जागं झालं. २००४ साली कारण सापडलं. गुराढोरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक. औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ साली भारतात गुरांसाठी ते औषध बंद झालं. पण तोवर भारतातल्या तीन जातींची गिधाडं शंभरातली दोन-तीन उरली होती. भरतपुरात कुणीतरी लिहून ठेवत होतं. आमच्या आजोळच्या माळावर कुणी ठेवत नव्हतं. तिथली जागा कोरी आहे.

मोटेलात रात्री मुलीनं वही उघडली आणि आजीजवळ जाऊन बसली. "आजी, तुझ्या गावाला कोणते बर्ड होते? आधी आणि आता." आई सांगत गेली, मुलगी रोमन अक्षरांत मराठी नावं लिहीत गेली, मग मी ओरडल्यावर देवनागरीत. टिटवी, खंड्या, शराटी, शेकाट्या, रोहित, भारद्वाज. प्रत्येकापुढे दोन रकाने: लहानपणी, आता. माळढोक आला तेव्हा आईनं हात हवेत नुसता उडवला. मुलीनं विचारलं, "म्हणजे झीरो?" आई म्हणाली, "आमच्याकडे झीरोच."

दुसऱ्या दिवशी डेलावेअरमधलं बॉम्बे हुक. नाव वाचून गाडीत हशा पिकला. मुंबईचा आकडा इथे कुणी लावला? प्रत्यक्षात मुंबईचा काही संबंध नाही. इथे डच लोक होते. त्यांच्या भाषेत 'लहान झाडांचं टोक' अशा अर्थाचं नाव होतं, ते इंग्रजांच्या तोंडी बॉम्बे हुक झालं. १९३७ पासून हे राखीव क्षेत्र आहे. खारं दलदलीचं रान, तळी आणि त्यांतून गाडीनं फिरायचा बारा मैलांचा कच्चा रस्ता. डास आणि चावऱ्या माश्या मुबलक. काचा वर करूनच फिरावं.

इथे आईचं राज्य होतं. मोठे बगळे, छोटे बगळे हे तर आलेच. एका तळ्यात बारीक लांब पायांचे, चोच वर वळलेले पक्षी मान इकडून तिकडे झाडू मारल्यासारखी फिरवत चालले होते. अमेरिकन अॅव्होसेट. आपल्याकडे येतो त्याचा चुलतभाऊ, उचाट्या. रस्त्यावर किलडीर ओरडत पळाला, तर आई म्हणाली, "ही तर टिटवीच, कपडे बदललेली." खरंच ती टिटवीच्याच कुळातली निघाली. हरणं दिसली, उन्हात बसलेली कासवं दिसली, आणि गवताच्या कडेनं एक कोल्हा आमच्याकडे ढुंकूनही न बघता निघून गेला.

संध्याकाळी लुइसहून बोटीत गाडी चढवली आणि डेलावेअरच्या उपसागरातून सतरा मैल पार करून केप मेला आलो. दीड तासाला पाच मिनिटं कमी. हसऱ्या कुरवांचा थवा बोटीमागे शेवटपर्यंत होता.

केप मे म्हणजे न्यू जर्सीचं दक्षिण टोक. नकाशात बघा, जमीन नरसाळ्यासारखी निमुळती होत जाते. किनारा धरून येणारे पक्षी त्या नरसाळ्यातून घरंगळत टोकाला येतात आणि समोर पाणी बघून थबकतात. वारा बरा असेल तर ओलांडतात, नाहीतर थांबून खातात-पितात. १८५९ सालच्या दीपगृहाजवळ लाकडी माचा आहे. तिथे १९७६ पासून शिकारी पक्ष्यांची मोजणी होते. रविवारी सकाळी आम्ही त्या माच्यावर होतो. एक बहिरी ससाणा बाणासारखा गेला. हा आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरही असतो.

मग तळ्यावर एक मोठा, पोटाकडून पांढरा पक्षी हवेत पंख मारत थांबला, पाय पुढे काढून धाडकन पाण्यात पडला आणि मासा घेऊन उठला. आई उभी राहिली. "ही आमच्या धरणावरची! बघ, मासा सरळ धरलाय, तोंड पुढे करून. आडवा कधी धरत नाही." शेजारच्या अमेरिकन आजोबांनी विचारलं, काय म्हणताहेत? मुलीनं भाषांतर करून सांगितलं. त्यांनी आईला हात जोडून नमस्कार केला.

तो ऑस्प्रे. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत हाच एक पक्षी, आणि थंडीत उजनीच्या पाण्यावरही हाच येतो. डी.डी.टी.च्या दिवसांत न्यू जर्सीत याची घरटी पन्नासेक उरली होती. लोकांनी खांब रोवून, वर फळ्या ठोकून घरट्यांना जागा करून दिल्या. आता कित्येक पटींनी वाढली आहेत. त्याची एक गोष्ट मला फार आवडली. उन्हाळा संपता संपता आधी आई निघून जाते. बाप पिल्लांना काही दिवस मासे पुरवतो आणि मग तोही जातो. पिल्लू शेवटी एकटं निघतं आणि कधी न पाहिलेल्या दक्षिण अमेरिकेला पोचतं. मी मुलीकडे वळून 'बघ, आपणसुद्धा' एवढंच म्हणाले, तर ती म्हणाली, "आई, प्लीज. प्रत्येक पक्ष्याचं लेसन करू नको." तेव्हा इथेही करत नाही.

मोनार्क फुलपाखरांबद्दलही तेवढंच सांगते. सप्टेंबरात ती केप मेच्या पिवळ्या गोल्डनरॉडवर थांबतात आणि मेक्सिकोच्या डोंगरांत जातात. वसंतात उत्तरेकडे परत येतात त्यांच्या पुढच्या पिढ्या. म्हणजे शरदात जाणाऱ्या फुलपाखरानं ती वाट कधी पाहिलेलीच नसते. मागच्या पंखाला नखाएवढा कागद चिकटवून त्यांचा माग काढतात. मुलाला एक चिकटवलेलं मोनार्क हातावरून सोडायला मिळालं. तो दिवसभर तो हात धुवायला तयार नव्हता.

आई ऑक्टोबरात परत गेली. जानेवारीत फोनवर एक फोटो आला. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयचा. दुधाचा हिशोब लिहायच्या चौकटींत, प्रत्येक रविवारी, बारीक अक्षरांत: रोहित ४०. शेकाट्या १२. मासेवाली घार १. गिधाड ०. मुलीनं तो फोटो छापून वहीत चिकटवला आणि खाली आपली त्या रविवारची मोजणी लिहिली. आता दर रविवारी दोन्हीकडून आकडे येतात, आणि आकड्यांच्या निमित्तानं बाकीचंही बोलणं होतं. मुलीचं मराठी अजून कच्चंच आहे, पण वाक्यं दोनापेक्षा जास्त होतात.

तर मुलांनो, माझी सूचना अशी. आपला वर्ग भरतो त्या इमारतीमागे मैदान आहे, चार ओक आहेत, पावसाचं पाणी साठायचं एक तळं आहे. वर्ग सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं तिथे उभं राहायचं. तारीख, वेळ, हवा कशी, बघणारे किती, हे आधी लिहायचं. मग पक्षी आणि आकडा. मराठी नाव माहीत असेल तर मराठी. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' आमच्याकडे आहे, तो मी वर्गात आणून ठेवीन. इकडच्या पक्ष्याला मराठी नावच नसेल तर तुम्ही ठेवा. आमच्या चिरंजीवांनी ब्रॉड-विंग्ड हॉकला 'भोवऱ्या' केलं आहे, आणि आजीनं ते मंजूर केलं आहे.

आणि काहीच दिसलं नाही, पाऊस आहे, थंडी आहे, एक चिमणीसुद्धा नाही, तर कंटाळून वही मिटू नका. शून्य लिहा. वही मी घेतली आहे, पहिलं पान आखून ठेवलं आहे. पुढच्या रविवारी पावणेदहाला तळ्यापाशी भेटू. ज्यांच्याकडे दुर्बीण आहे त्यांनी आणावी.